क्लायंटने थेट सल्ला मागितला तर हेल्थ कोचने तो द्यावा का?

चर्चेचा प्रस्ताव

हेल्थ कोच म्हणून, म्हणजे आरोग्याच्या सवयी बदलताना क्लायंटला साथ देण्याचे, काम करणाऱ्या अनेकांना असे वाटते की व्यावसायिक मर्यादा ही केवळ कायद्याच्या भीतीने पाळायची गोष्ट असून, क्लायंटचे खरे भले करायचे असेल तर ती अधूनमधून ओलांडावीच लागते. मी स्वतः हेच काम करते आणि मला हे अजिबात पटत नाही. कोच स्वतःला जी मर्यादा घालून घेतो, तिच्यामुळेच सवयीतला बदल क्लायंटच्या हातात राहतो आणि म्हणून टिकतो, असे माझे मत आहे. आपण सर्वांनी ते तपासून पाहावे यासाठी हा धागा काढत आहे.

मर्यादा कोणत्या, हे आधी स्पष्ट करते. अमेरिकेत हेल्थ आणि वेलनेस कोचिंगचे राष्ट्रीय मंडळ २०१७ पासून तेथील वैद्यकीय परीक्षक मंडळाच्या सहकार्याने कोचची परीक्षा घेते. कोचिंगच्या मंडळाने ठरवलेल्या कार्यकक्षेनुसार कोच निदान करत नाही, तपासणी अहवालांचा वैद्यकीय अर्थ लावत नाही, औषध सुरू किंवा बंद करायला सांगत नाही, पूरक गोळ्या सुचवत नाही, आहाराचा तक्ता आखून देत नाही आणि मानसोपचारही करत नाही. एखाद्या विषयात त्याच्याकडे वेगळी मान्यताप्राप्त पात्रता असेल, तर त्या विषयापुरते मार्गदर्शन करण्याची मुभा त्याला आहे.

या यादीत जिवाच्या सुरक्षिततेचा विचार आहे, हे विसरता येणार नाही. मधुमेहासाठी सल्फोनिलयुरिया गटातील गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने कोचच्या सांगण्यावरून भात-पोळी एकदम कमी केली आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मधुमेहाचेच एसजीएलटी-२ गटातील औषध चालू असताना कर्बोदके जवळजवळ बंद केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातील आम्ल धोकादायकरीत्या वाढवणारा कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. ‘पालेभाज्या वाढवा’ हे वाक्यही वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत निरुपद्रवी राहत नाही, कारण त्यातले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते.

पण माझा मुख्य मुद्दा सुरक्षिततेच्या पुढचा आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली, दारूच्या समस्येवर काम करताना, प्रेरक संवादाची पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती विकसित केली. त्यामागचे निरीक्षण साधे आहे. बदलावे की नाही अशा द्विधेत असलेल्या माणसासमोर आपण बदलाची बाजू लढवू लागलो की तो आपोआप दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो. ‘सकाळी चालायला जा’ म्हटले की वेळ नाही, ‘मग संध्याकाळी जा’ म्हटले की थकवा असतो, ‘निदान जिने चढा’ म्हटले की गुडघे दुखतात. आणि असे अर्धा तास चालल्यावर त्या माणसाने न चालण्याची सगळी कारणे स्वतःच्या तोंडाने मांडून स्वतःलाच पटवलेली असतात. कोचने सल्ला आवरला, तरच बदलाची कारणे क्लायंटच्या तोंडून यायला जागा मिळते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या आत्मक्षमतेच्या, म्हणजे ‘मला हे जमेल’ या विश्वासाच्या, सिद्धांतातही स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव हा आत्मविश्वासाचा सर्वांत बळकट आधार मानला आहे. यशाचे श्रेय कोचने दिलेल्या तक्त्याला गेले, तर हा आधार तयारच होत नाही.

प्रतिसाद १ (विरोधात)

मी कोच नाही, क्लायंट आहे, आणि आपली मांडणी वाचून मला खेद वाटला. पैसे मोजून, संकोच बाजूला ठेवून माणूस विचारतो की रात्री जेवणानंतरही खावेसे वाटते, त्याचे काय करू. आणि त्याला उत्तर मिळते, ‘तुम्हाला काय वाटते?’ मला काय वाटते ते पुरेसे असते तर मी आलोच नसतो. ज्याला माहितीच नाही, त्याला उत्तर त्याच्याच आत आहे असे सांगणे हा आदर नव्हे, जबाबदारी टाळणे आहे.

आपण संशोधनाचे दाखले दिले आहेत, तर एक मीही देतो. मधुमेहाचा धोका जास्त असलेल्या ३२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाविना तुलनेसाठी ठेवलेल्या गटाच्या मानाने जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. या जीवनशैलीच्या गटाला कोणी नुसते प्रश्न विचारत बसले नव्हते. वजन ७ टक्के कमी करायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करायचा, हे त्यांना स्पष्ट सांगितले होते, आणि त्यासाठी १६ पाठांचा अभ्यासक्रम होता. हे शिकवणाऱ्यांनाही कोचच म्हटले जात होते. स्पष्ट सांगण्याने बदल टिकत नाही, असे म्हणायला मग आधार कोणता?

प्रतिसाद २ (मर्यादा अधिक कडक हवी)

मी आहारतज्ज्ञ आहे. प्रस्तावाशी मी सहमत आहे, पण मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात कोचने काय बोलू नये याचा विचार आहे आणि काय ओळखता यायला हवे याचा नाही. खाण्याचा विकार असलेली व्यक्ती वजन कमी करण्यासाठी कोचकडे येते, तेव्हा ती अत्यंत शिस्तबद्ध क्लायंट असते. ती प्रत्येक घास लिहून ठेवते आणि कधी चुकत नाही. कोच कोणताही सल्ला न देता फक्त तिच्या चिकाटीचे कौतुक करत राहतो, आणि तिचा आजार त्या कौतुकावर वाढतो. येथे सल्ला न देण्याची मर्यादा तंतोतंत पाळली गेली, तरीही नुकसान झाले.

म्हणून पहिल्या भेटीतच चालू औषधे, जुने आजार, अन्नाशी असलेले नाते आणि मनःस्थिती यांची विचारपूस व्हायला हवी, आणि कोणत्या उत्तरावर काम थांबवून तज्ज्ञाकडे पाठवायचे हे कोचचे आधीच ठरलेले हवे. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढे म्हणून सुटका करून घेणे म्हणजे पाठवणे नव्हे. क्लायंटच्या संमतीने त्या तज्ज्ञाला दोन ओळी लिहिणे आणि पुढच्या भेटीत त्याची चौकशी करणे, इतके तरी कोचने केलेच पाहिजे.

प्रतिसाद ३ (विरोधात)

मला वेळेच्या मर्यादेबद्दल बोलायचे आहे, कारण प्रस्तावात तिचा उल्लेखच नाही आणि प्रत्यक्षात तीच सर्वाधिक टोचते. मी धूम्रपान सोडत होतो तेव्हा सिगारेटची तलफ सेशनच्या वेळी कधीच येत नसे. ती रात्री येई, भांडणानंतर येई, एकटेपणात येई. माझ्या कोचने ठरलेल्या वेळेबाहेरच्या निरोपांना उत्तर द्यायचे नाही असा नियम केला होता. त्यांचा नियम व्यावसायिक होता हे मी नाकारत नाही. पण जिथे खरोखर निसटायला होते तिथे मी एकटाच होतो. बदलाच्या टप्प्यांची मांडणी प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्याच अभ्यासातून केली, आणि त्यात पुन्हा मागे घसरणे हा नेहमीचा भाग मानला आहे. मग घसरण्याच्या वेळी कोच नसणे हे कोणाच्या सोयीचे आहे?

प्रस्तावकाचे उत्तर

प्रतिसाद १ मधील राग रास्त आहे. ‘तुम्हाला काय वाटते?’ हा प्रश्न ढालीसारखा वापरणारे कोच आहेत आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. प्रेरक संवादात माहिती देण्याला मनाई नाही. आधी क्लायंटला काय माहीत आहे ते विचारावे, माहिती दिली तर चालेल का हे विचारावे, मग ती थोडक्यात द्यावी आणि तिचा त्याच्या आयुष्याशी मेळ कसा बसतो ते त्यालाच ठरवू द्यावे, असा त्याचा क्रम आहे. रात्रीच्या खाण्याबद्दल विचारणाऱ्याला, दिवसभराचे जेवण अपुरे असले किंवा झोप कमी झाली तर रात्री भूक वाढू शकते, हे कोचने जरूर सांगावे. ‘उद्यापासून रात्री फक्त दूध प्या’ हे सांगू नये. मधुमेह प्रतिबंध अभ्यासातील कोच प्रशिक्षित होते, त्यांतले बरेच जण आहारतज्ज्ञ होते, आणि सहभागींच्या प्रकृतीवर वैद्यकीय पथकाचे लक्ष होते. ती यंत्रणा पाठीशी नसताना एकट्या कोचने तिचा अधिकार तेवढा उचलणे मला धोक्याचे वाटते. शिवाय तिथेही उद्दिष्ट अभ्यासाने ठरवून दिलेले होते, पण ते आपल्या दिनक्रमात कसे बसवायचे हे सहभागी आणि कोच मिळून ठरवत होते.

प्रतिसाद २ मधील सूचना मी पूर्णपणे स्वीकारते.

प्रतिसाद ३ वर मात्र माझे मत वेगळे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला, पण व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. कोचिंगचा करार बहुधा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो. म्हणजे अनेकांच्या बाबतीत सवय पक्की होण्याआधीच कोच निघून गेलेला असतो. तलफ आल्यावर कोचला निरोप पाठवणे हीच सवय तोवर लागली असेल, तर करार संपल्यावर त्या माणसाच्या हाती काय राहील? त्यापेक्षा ‘तलफ आली तर मी अमुक करीन’ असे नेमके वाक्य सेशनमध्ये क्लायंटने स्वतः ठरवावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘जर-तर’ संकल्पांवर बरेच काम केले आहे, आणि हा संकल्प रात्रीही त्याच्याजवळच असतो.

प्रतिसाद ३ चे प्रत्युत्तर

‘जर-तर’ संकल्पाचा उपयोग मी मान्य करतो. पण आपण गृहीत धरता की माणूस पहिल्या आठवड्यात आणि सहाव्या महिन्यात सारखाच खंबीर असतो. सुरुवातीला आधार जास्त द्यावा आणि ठरवून तो हळूहळू काढून घ्यावा, असा करार का होऊ नये? पहिले काही आठवडे रात्री ठरावीक वेळेपर्यंत छोटा निरोप चालेल, नंतर चालणार नाही, हे दोघांनी लिहून ठेवले तर ती मर्यादाच झाली, आणि ती क्लायंटला विचारून आखलेली असेल.

प्रस्तावकाचे उत्तर

लिहून ठेवलेली, मुदत असलेली आणि दोघांनी मान्य केलेली सवलत मला चालेल, कारण तिचा शेवट पहिल्या दिवसापासून क्लायंटला माहीत असतो. माझा विरोध न ठरवता, ओघात वाढत जाणाऱ्या उपलब्धतेला आहे. मात्र आपल्या करारात मी आणखी एक कलम घालीन. निरोप तलफेचा नसून स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असेल, तर कोचच्या उत्तराची वाट न पाहता कोणत्या हेल्पलाइनला आणि कोणत्या जवळच्या व्यक्तीला फोन करायचा, ही नावे आणि क्रमांक पहिल्याच भेटीत त्या कागदावर लिहिलेले असले पाहिजेत.