पहिल्या दिवशीच्या रक्तावरून जळीत रुग्ण ‘वाचेल की नाही’ हे सांगावं का?

रानजाई (धागाकर्ती)

जळीत कक्षाच्या दाराशी नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. किती टक्के भाजलंय, आणि वाचेल का? दुसऱ्या प्रश्नाला हल्ली रक्ताचे रिपोर्ट पुढे केले जातात: लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की चढणारं), सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (सूज-संसर्गात चढणारे), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन). माझं मत रोखठोक आहे. पहिल्या चोवीस तासांतल्या रक्तावरून जगण्यामरण्याचा अंदाज घरच्यांना सांगू नये, आणि त्यावरून उपचारांत हात आखडता तर मुळीच घेऊ नये.

एक तर साधी बेरीज आपल्याकडे आधीच आहे. १९६१ चा बॉक्स (Baux) स्कोअर: वय अधिक भाजल्याची टक्केवारी. २०१० मध्ये त्यात सुधारणा झाली, श्वासमार्गाला इजा असेल तर आणखी १७ मिळवायचे. तीस वर्षांची बाई, ६० टक्के, धूर छातीत गेलेला, म्हणजे १०७. रक्ताचा थेंबही लागत नाही. नव्या मार्करने (रक्तातल्या अशा खुणेने) या बेरजेच्या वर काय जास्तीचं सांगितलं ते दाखवा, मग बोलू.

दुसरं, एवढं भाजलेल्या माणसाचं रक्त पहिल्या दिवशी ‘नॉर्मल’ असणारच कसं? केशवाहिन्यांतून प्रथिनं गळत असतात. वरून शिरेतून किती द्रव द्यायचं ते ठरवणाऱ्या पार्कलंडच्या सूत्राने (४ मिली गुणिले वजन गुणिले टक्के) ५० किलोच्या त्याच बाईला चोवीस तासांत १२ लिटर आरएल (सलाइनसारखं द्रव) जातं, त्यातलं निम्मं भाजल्यापासूनच्या पहिल्या आठ तासांत. अल्ब्युमिन खाली येणारच. सीआरपी जंतूंशिवायही चढतो. खोल भाजलं असेल तर तांबड्या पेशी फुटतात, नळीतला सीरम (रक्तातला पेशींविना पातळ भाग) लालसर दिसतो, आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या पोटॅशियमचा आकडा खरा की नमुना घेताना पेशी फुटल्या, इथून वाद सुरू होतो.

आयसीयूवाला

सपशेल असहमत. ताई, तुम्ही रक्ताला नावं ठेवताय आणि डोळ्यांवर विसंबताय. तुमची टक्केवारी तरी कुठे अचूक असते? तालुक्याहून आलेल्या कागदावर ७० लिहिलेलं असतं, काजळी धुऊन बघितलं तर ४५ निघतं, कारण नुसती लाली आलेली कातडीही कोणीतरी मोजलेली असते. ही चूक तुमच्या बेरजेत जशीच्या तशी उतरते. ब्लड गॅसच्या (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर लॅक्टेट दोन-तीन मिनिटांत मिळतं आणि ते कोणी मोजलं यावर बदलत नाही. दाखल होताना लॅक्टेट चढलेलं असणं आणि चोवीस तासांतही न उतरणं, या रुग्णांत मृत्यू जास्त होतात, हे वारंवार दिसलेलं आहे. आणि व्हेंटिलेटर एक, रुग्ण तीन असताना अंदाज करावाच लागतो. तो निदान मोजून केलेला असावा, एवढंच माझं म्हणणं.

घाटमाथा

शंका आहे. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट ना? मग ते लिटरच्या लिटर दिल्यावर रक्तातलं लॅक्टेट वाढणारच की.

आयसीयूवाला

@घाटमाथा, यकृत धड असेल तर ते पचवतं, फार फरक पडत नाही. नमुना आरएल चालू असलेल्याच हातातून काढला तर मात्र आकडा बोंबलला.

आकडेमोड

वैद्यकीय शिक्षण नाही, संख्याशास्त्र शिकवतो. या अभ्यासांत ‘०.८० क्षमतेचा मार्कर’ असं असतं. त्याचा अर्थ असा की दगावलेला एक आणि वाचलेला एक रुग्ण घेतला, तर शंभरातल्या ऐंशी जोड्यांत दगावलेल्याचा आकडा जास्त असतो. समोरच्या खाटेवरची बाई जगण्याची शक्यता किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय ‘यापुढे धोका’ ही रेषा बहुतेकदा त्याच रुग्णालयाच्या, शे-दीडशे रुग्णांच्या आकड्यांवरून ओढलेली असते. दुसऱ्या गावात ती लागू पडेलच असं नाही.

त्याहून वाईट म्हणजे, मार्कर वाईट दिसला म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली, रुग्ण गेला, आणि मार्कर खरा ठरला. हा घोळ कागदावर पकडता येत नाही.

आयसीयूवाला

@आकडेमोड, हेच बॉक्स स्कोअरलाही लागू आहे की! ९० टक्के म्हटलं की सगळे गळपटतात. मूळ हिशेबात बेरीज म्हणजेच मृत्यूची टक्केवारी धरायचे. आज चांगल्या केंद्रांत शंभरी ओलांडलेले रुग्णही घरी जातात.

बांधावरचा

डॉक्टर लोक आपसात भांडतायत, म्हणून नातेवाइकाच्या बाजूने बोलतो. माझा मेव्हणा गॅसच्या भडक्यात भाजला होता. खासगी रुग्णालयात रोज प्रोकॅल्सिटोनिन करायचे, ते आम्हाला बिलात कळलं. रिपोर्ट पाहून एकदाही औषध बदललं नाही. तेवढ्या पैशात जखमेवर लावायला त्वचापेढीतली दान केलेली कातडी आली असती.

पण रानजाई, ‘घरच्यांना सांगू नये’ हे पटलं नाही. आम्हाला त्याच रात्री ठरवायचं होतं, जमीन गहाण टाकायची की सरकारीत हलवायचं. डॉक्टर म्हणत होते, ‘७२ तास काही सांगता येत नाही.’ सावकार ७२ तास थांबत नाही.

रानजाई

@बांधावरचा, अंदाज सांगूच नका असं मी म्हटलेलं नाही. वय, टक्केवारी, श्वासमार्ग यावरून पहिल्याच रात्री स्पष्ट सांगता येतं आणि सांगायलाच हवं. ‘रिपोर्ट खराब आलाय’ हे तोंड चुकवणं आहे. त्वचापेढीचं अगदी बरोबर. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती २००० पासून आहे; ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली कातडी अनेक वर्षं टिकते.

सिस्टर_नाइट

वीसेक वर्षं याच वॉर्डात आहे. लोकांना माहीत नसतं, ८० टक्के भाजलेली बाई पहिल्या रात्री बोलत असते. पाणी मागते, मुलं कुठायत विचारते. मृत्युपूर्व जबाब त्याच वेळात होतो. नंतर तोंड सुजतं, श्वासाची नळी घालावी लागते, बोलणं संपतं. म्हणून जे सांगायचं ते लवकर सांगा, आकडा कुठलाही वापरा. आणि सर, सगळं अंग बँडेजमध्ये असताना दर सहा तासांनी रक्त कुठून काढायचं, तेही एकदा येऊन दाखवा. जांघेत शीर शोधताना तिचं ओरडणं आम्ही ऐकतो.

आयसीयूवाला

सिस्टर, मान्य, म्हणून मी पहिल्याच तासात आर्टेरियल लाइन (धमनीत ठेवायची नळी, रक्त तिच्यातूनच निघतं) टाकतो. ताई, भविष्याचं बाजूला ठेवू. पुढच्या दिवसांत सेप्सिस (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) ओळखायला काय वापरणार? ताप आणि पांढऱ्या पेशी मोठ्या जळितात वाढलेल्याच असतात. अमेरिकन बर्न असोसिएशनच्या २००७ च्या निकषांतही प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्याचं धरलं आहे, तेही सुरुवातीचं द्रव देऊन झाल्यावर तीन दिवसांनीच.

रानजाई

तिथे माझा विरोध नाहीच. पाचव्या दिवशी उतरत आलेलं प्रोकॅल्सिटोनिन पुन्हा चढलं तर मीही कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवते, शिरेतली लाइन बदलते. मात्र आदल्या दिवशी जखम खरवडली असेल तर तेवढ्यानेही ते चढतं, त्यामुळे रिपोर्टशेजारी ऑपरेशनची तारीख लिहा. आमच्याकडे लिहीत नाहीत.

आयसीयूवाला

आमच्याकडेही नाही. पण व्हेंटिलेटर एकच असला तर तो कोणाला, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

रानजाई

ज्याचा श्वासमार्ग सुजतोय त्याला. लॅक्टेट कमी असलेल्याला नव्हे.

आयसीयूवाला

तिघांचाही सुजत असेल तर?