पुलाखालून विमान: शौर्य की बेफिकिरी?

सेतुबंध:
पुलाखालून विमान नेणारेच खरे वैमानिक आणि बाकीचे नुसते सारथी, असे वातकुक्कुट यांनी काल लिहिले, म्हणून हा प्रपंच. पुलांची तपासणी हा माझा व्यवसाय आहे. तुळयांखाली टांगलेल्या पाळण्यात बसून मी रिव्हेट ठोकून पाहत असतो. पुलाची उंची वैमानिकाला नकाशात सापडते, माझा पाळणा आणि त्याचे दोर सापडत नाहीत. १९५९ मध्ये जॉन लॅपो यांनी सहा इंजिनांचे बी-४७ मॅकिनॉ पुलाखालून नेले आणि अमेरिकी हवाई दलाने त्यांचे उड्डाण बंद केले, यात मला तरी अन्याय दिसत नाही.

वातकुक्कुट:
आपला पाळणा थोर आहे. पण एलिनॉर स्मिथ यांनी १९२८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवरील चार पुलांखालून विमान नेले तेव्हा कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. आणि ॲलन पोलॉक? १९६८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाला ५० वर्षे झाली, तरी लंडनवरून विमानांची मानवंदना ठेवावी असे सरकारला वाटले नाही, म्हणून त्यांनी निषेधार्थ हंटर विमान टॉवर ब्रिजखालून नेले. लष्करी खटला चालला असता तर ते भर न्यायालयात बोलले असते. त्याऐवजी प्रकृतीचे कारण दाखवून त्यांना घरी पाठवले. माझ्या वडिलांनी वरिष्ठांविरुद्ध तक्रार केली तेव्हा त्यांनाही असेच ‘विश्रांती’वर धाडले होते, त्यामुळे ही युक्ती मी चांगली ओळखतो.

भोचक:
पोलॉक पुलाखालून गेलेच नाहीत. ते खालचा रस्ता आणि वरचा पादचारी मार्ग यांच्या मधून गेले. फ्रँक मॅक्लीन १९१२ मध्येच त्या फटीतून गेले होते.

वातकुक्कुट:
जन्मात खुर्चीवरून न उठलेल्यांनी फटी मोजत बसाव्यात. मुद्दा त्यांना गप्प केल्याचा आहे.

सेतुबंध:
भोचक यांची दुरुस्ती वाटते तितकी किरकोळ नाही. रस्त्याच्या वरून गेले याचा अर्थ वाहनांच्या टपावरून गेले, आणि त्या वेळी पुलावर दुमजली बस होती. पोलॉक यांना बोलू द्यायला हवे होते, हे मी आपल्या वडिलांखातर मान्य करतो; परंतु सरकारवरचा राग बसमधल्यांनी का सोसावा? १९९८ मध्ये इटलीतील काव्हालेसे येथे ठरवून दिलेल्या उंचीच्या बरेच खालून उडणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानाने रज्जुमार्गाची तार तोडली आणि पाळण्यातली २० माणसे मेली. तोही पाळणाच होता.

नीलाक्ष:
बुडापेस्टच्या साखळी पुलाखालून हवाई शर्यतीची विमाने आधी ठरलेल्या मार्गाने, रीतसर परवानगीने जात असत. मग भांडण कशासाठी?

वातकुक्कुट:
काव्हालेसेला मी शौर्य म्हटलेले नाही. परवानगीचे म्हणाल, तर ज्या सरकारचा निषेध करायचा त्याच्याकडेच पोलॉक यांनी अर्ज करायला हवा होता, नाही का?

सेतुबंध:
अर्ज फेटाळला गेला असता, हे मान्य. तरीही मी पाळण्यात असेन त्या दिवशी आपण निषेध दुसऱ्या पुलावर करावा.

भोचक:
पुलाखाली.