मदत हवी आहे : क्वाड बाइकचा स्टिअरिंगचा दांडा वारंवार वाकतो, बळकटी नेमकी कोठे द्यावी?

सर्व जाणकारांना नमस्कार.

पसरणीचा घाट चढून आल्यावर लागणाऱ्या आमच्या गावच्या माळावर मी आणि माझा धाकटा भाऊ पर्यटकांसाठी १२५ सीसीच्या चार क्वाड बाइक (जाड टायरांच्या, हँडलने वळवायच्या चारचाकी गाड्या) चालवतो. गेल्या दोन हंगामांत त्यांपैकी तीन गाड्यांचे स्टिअरिंगचे दांडे मिळून पाच वेळा वाकले आणि एक दांडा तर सरळ करतानाच तडकला. सध्या पावसामुळे गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत. दसऱ्याला पूजा करून त्या पुन्हा माळावर काढायच्या आहेत, आणि त्याआधी हे दुखणे कायमचे मिटावे अशी मनापासून इच्छा आहे, कारण या गाड्यांवर लोक विश्वासाने आपली मुले बसवतात.

ज्यांनी ही गाडी उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. दांडा म्हणजे २२ मि.मी. बाहेरील व्यासाचा आणि अडीच मि.मी. जाडीचा साधा पोलादी पाइप आहे. त्याचे खालचे टोक चॅसीतील बेअरिंगमध्ये बसते, तेथेच वेल्ड केलेल्या पट्टीला दोन्ही टाय रॉड, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या सळ्या, जोडलेले असतात, आणि वरच्या बाजूला दोन अर्ध्या तुकड्यांचा नायलॉनचा बुश दोन बोल्टांनी दांड्याला धरून ठेवतो. या बुशच्या ७० मि.मी. वर हँडल पकडणारा क्लॅम्प आहे. उंच पर्यटकांना वाकून बसावे लागू नये म्हणून आम्ही गेल्या वर्षी तेथे ६० मि.मी.चे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे जोडतुकडे, बसवले.

दांडा दर वेळी एकाच जागी, म्हणजे बुशच्या वरच्या कडेला लागून वाकतो. या वेळी तो मी खोलून पुसून पाहिला तेव्हा पाठीमागच्या अंगाला रंगावर केसासारख्या बारीक आडव्या भेगा एकाखाली एक पडलेल्या दिसल्या आणि पुढच्या अंगाला रंगाच्या पापुद्र्याला सुरकुत्या आलेल्या होत्या. पुढची चाके सरळ ठेवून मोजले, तर हँडलचा मध्य मूळ जागेपासून ११ मि.मी. पुढे गेलेला होता. सुरुवातीला मला वाटत होते की गाडी उलटल्यामुळेच हे होते, परंतु दोन वेळा तर गाडी उलटलेलीच नव्हती. नीट लक्ष ठेवल्यावर दिसले की चाक जांभ्याच्या खाचेत अडकून गाडी अचानक थांबली की चालकाचे सगळे अंग हँडलवर येते, आणि चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना आमचीच मुले मागून हँडलवर छातीचा भार देऊन ती रेटतात.

आतापर्यंत वाईच्या एका वर्कशॉपमध्ये दांडा गॅसने लाल करून सरळ करून घेतला आणि त्यावर पाणी ओतले गेले. तोच दांडा पुढच्या खेपेस तडकला. दुसऱ्या गाडीच्या दांड्याला बाहेरून तीन पत्त्या उभ्या वेल्ड केल्या, तर तो पत्त्या जेथे संपतात त्याच्या जेमतेम बोटभर वर वाकला.

आता माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. पाइपऐवजी २२ मि.मी.चा भरीव गज टाकावा, २८ मि.मी.चा सीमलेस (लांबीत सांधा नसलेला) पाइप घेऊन संपूर्ण दांडा नव्याने बनवावा, किंवा आहे त्याच पाइपमध्ये आतून घट्ट बसणारी स्लीव्ह, म्हणजे नळीचा तुकडा, ठोकावी. यांपैकी योग्य काय, आणि दांडा फार बळकट केला तर पुढचा दणका चॅसीवर किंवा चालकाच्या मनगटावर जाईल का, या दोन प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद (कुपवाड, सांगली) :

नमस्कार. आपण मापे दिलीत हे फार चांगले केले, कारण त्यामुळे अंदाजाने बोलण्याऐवजी हिशेब मांडता येतो. मी एमआयडीसीत गेली अनेक वर्षे लेथ आणि फॅब्रिकेशनचे काम करतो, आणि असे वाकलेले दांडे, मग ते ट्रॅक्टरच्या अवजारांचे असोत की दुचाकींचे, नेहमी हातांखालून जातात.

प्रथम गजाविषयी. वाकण्याला विरोध करण्याचे काम मुख्यतः बाहेरच्या कडेचे लोखंड करते आणि मधले लोखंड केवळ वजन वाढवते. आपल्या २२ मि.मी.च्या पाइपऐवजी भरीव गज घातला तर बळ सुमारे दीडपट होईल, पण वजन अडीचपट होईल. त्याउलट २८ मि.मी. व्यासाचा, तेवढ्याच अडीच मि.मी. जाडीचा पाइप घेतला तर बळ पावणेदोनपट होते आणि वजन जेमतेम एक तृतीयांशाने वाढते. त्यामुळे गजाचा विचार आपण सोडून द्यावा.

परंतु खरे कारण आपण ओघात सांगून पुढे गेलात, ते म्हणजे रायझर. समजा चालकाने ६० किलोचा भार दांड्याला काटकोनात हँडलवर टाकला. रायझर नसताना हँडल बुशपासून ७० मि.मी.वर होते, तेव्हा बुशच्या कडेला पाइपवर येणारा ताण दर चौरस मि.मी.ला सुमारे ६१ न्यूटन होतो. रायझरसह ते अंतर १३० मि.मी. झाले आणि तोच ताण ११४ न्यूटनांवर गेला. साधे पोलाद सुमारे २५० न्यूटनांच्या पुढे कायमचे वाकते. दणक्यात भार तिप्पट होतो असे धरले, तर रायझर नसलेला दांडा १८३ वर टिकून राहतो आणि रायझर असलेला ३४२ वर जाऊन वाकतो. आता २८ मि.मी.चा पाइप रायझरसह घेतला तर ताण ६५ येतो, म्हणजे नवा दांडा बनवण्याचा सगळा खर्च करून आपण जेथे पोहोचणार, तेथे केवळ रायझर काढूनही पोहोचता. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचे चालकही उभे राहून चालवता यावे म्हणून हँडलखाली असेच रायझर लावतात आणि त्यांनाही दांड्याच्या बळकटीचा विचार करावा लागतो. वाहन वेगळे असले तरी तरफ तीच आहे.

आपल्या पत्त्या का उपयोगी पडल्या नाहीत याचेही उत्तर यातच आहे. जेथे पत्ती संपली तेथे बळकट भाग एकदम संपला, शिवाय वेल्डच्या उष्णतेने त्या कडेचे लोखंड बदलले, त्यामुळे दांड्याने तीच जागा निवडली. स्लीव्ह घालायची असेल तर ती वाकण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान ८० मि.मी. पुढे जावी, तिची टोके सरळ न कापता माशाच्या तोंडासारखी तिरकी कापावीत, आणि दांड्याभोवती पूर्ण गोल वेल्ड न करता डाव्या-उजव्या अंगाला छिद्रे पाडून त्यांतून वेल्ड भरावे, कारण वाकताना पुढचे आणि मागचे अंग सर्वाधिक ताणात असते.

गॅसने लाल करून पाणी ओतलेला दांडा मात्र कृपया कोणत्याही गाडीवर पुन्हा लावू नये. थंड अवस्थेत एकदा सरळ केलेला दांडाही वाकलेल्या जागी पूर्वीसारखा राहत नाही. तडा डोळ्यांना दिसत नसेल तर लाल रंग आणि पांढऱ्या डेव्हलपरचा तपासणी संच आणून पाहावे. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तो दांडा भंगारात टाकावा. स्टिअरिंगचा दांडा वाकला तर गाडी निदान वळते, तुटला तर वळतच नाही.

धागाकर्ता :

आपले मनापासून आभार. रायझरचा आणि दांडा वाकण्याचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. आज तारखा जुळवून पाहिल्या, तर पाचपैकी चार वेळा दांडा रायझर बसवल्यानंतरच वाकला आहे. रायझर चारही गाड्यांवरून काढून टाकतो. तरीही उंच पर्यटकांची अडचण उरतेच, म्हणून एक शंका विचारतो : हँडल वर नेण्याऐवजी चॅसीवरचा ब्रॅकेट उंच करून बुशच वर नेला, तर बुश आणि हँडल यांतील अंतर ७० मि.मी.च ठेवून उंची मिळवता येईल का?

प्रतिसाद (कुपवाड, सांगली) :

होय, आणि तोच योग्य मार्ग आहे. दांडा तेवढा लांब नव्याने बनवावा लागेल. तेव्हा तो सीमलेस पाइपचाच घ्यावा, पण २२ मि.मी.चाच ठेवावा. २८चा जास्त जाडीचा पाइप घेऊन बुशजवळ खरडून २२चा करण्याचा मोह टाळावा, कारण लेथवर पडलेली ती पायरी हीच वाकण्याची पुढची जागा ठरेल. चॅसीच्या प्रश्नाविषयी : उंच केलेल्या ब्रॅकेटला मागून तिरका टेकू द्यावा, नाहीतर दांडा वाचेल आणि ब्रॅकेट फाटेल. दांडा चॅसीपेक्षा कमजोर असणेच हिताचे आहे, कारण तो तासाभरात बदलता येतो. बुश झिजून दांडा खडखडत असेल तर नायलॉनचा नवा बुश खरडून घ्यावा आणि त्याच्या वरच्या आतल्या कडेला दोन मि.मी.ची गोलाई द्यावी, म्हणजे धारदार कड पाइपला चावणार नाही. आणि रुतलेली गाडी ओढण्यासाठी पुढच्या बंपरला एक कडी वेल्ड करून दोरी कायम गाडीसोबत ठेवावी.

धागाकर्ता :

कडी आणि दोरीचे काम आजच भावाकडे सोपवले आहे. रविवारी चारही दांडे खोलून लाल रंगाची तपासणी करतो आणि ब्रॅकेटची मापे येथे देतो. टेकूसाठी पाच मि.मी.ची पट्टी पुरेशी होईल की कोन लोखंड घ्यावे, एवढे तोपर्यंत सांगून ठेवावे.