मिल्स हातगोळ्याच्या खाचा

काही जण म्हणतात की मिल्स हातगोळ्यावरच्या (पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश हातगोळा) खाचा तुकडे नीट पडावेत म्हणून असतात. तसं नाही हो. १९१५ च्या त्या गोळ्याला खाचा होत्या पकड घट्ट बसावी म्हणून. खंदकातल्या चिखलात हात निसरडे होतात ना! स्फोटात कवच कसंही फुटतं. जर्मनांनी सरळ लाकडी दांडाच लावला, लांब फेकायला सोयीचा.

आमच्या कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची बटालियन आहे, त्यामुळे इथं हातगोळ्याचा विषय निघाला की याच मराठा पलटणीचे दुसऱ्या महायुद्धातले वीर यशवंत घाडगे आलेच. १० जुलै १९४४, इटली. एकट्यानं धावत जाऊन हातगोळ्यानं मशिनगन गप्प केली, एकाला गोळी घातली, उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक!

मिल्सचाच वारस ३६ नंबरचा हातगोळा आपल्या फौजेत कैक दशकं चालला. २०२१ मध्ये नागपूरला बनलेला मल्टी-मोड हातगोळा आला, चढाई आणि बचाव दोन्हीला चालणारा. हे बाकी भारी काम झालं.