१८८७ ची मार्टिनेझ: कोमट, पाणचट आणि तरी चिकट का होते?

धरमपेठी

अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमसच्या बार-गाइडच्या १८८७ च्या आवृत्तीतली मार्टिनेझ, म्हणजे जिन-व्हर्मूथचं जुनं कॉकटेल, करून पाहतोय. कृती अशी: बोकर्स बिटर्स (कडू वनस्पतींचा अर्क) १ डॅश, म्हणजे बाटलीचा एक झटका, मारास्किनो २ डॅश, ओल्ड टॉम जिन १ पोनी, व्हर्मूथ (वनस्पती मुरवलेली वाइन) १ वाइनग्लास, बर्फाचे २ छोटे खडे. चांगलं शेक करून गाळायचं, वर लेमनची पाव चकती.

हाताशी आहे ते: गोड लाल इटालियन व्हर्मूथ (दिवाळीत उघडलेली, शोकेसमध्ये ठेवलेली), साधी लंडन ड्राय जिन, अँगोस्टुरा बिटर्स. मारास्किनोच्या जागी चेरीच्या बरणीतला लाल पाक घातला. ओल्ड टॉम गोडसर असते म्हणून जिनमध्ये १० मिली साखरेचा पाक. वाइनग्लास म्हणजे घरातला वाइनचा ग्लास अर्धा, साधारण १२० मिली. चव काढ्यासारखी, मागून भिजवलेल्या मनुकांचा वास. नेमकं काय काय चुकतंय?

पेगमास्तर

भाऊ, आधी माप. त्या काळच्या बारमध्ये 'वाइनग्लास' हे माप होतं, २ औंसांचं. पोनी म्हणजे १ औंस. आपल्याकडे तर हे फारच सोपं: पोनी म्हणजे स्मॉल, ३० मिली, वाइनग्लास म्हणजे लार्ज, ६० मिली. तुम्ही व्हर्मूथ दुप्पट ओतली.

मग साखर. युरोपच्या नियमाप्रमाणे गोड व्हर्मूथमध्ये लिटरला किमान १३० ग्रॅम साखर असते. म्हणजे ६० मिलीत जवळपास ८ ग्रॅम, दोन चहाचे चमचे. १२० मिलीत चार. त्यावर जिनचा पाक, त्यावर चेरीचा पाक! जिनमध्ये गोडवा हवाच असेल तर ३० मिलीला २ मिली पाक पुरे. मी तर घालूच नका म्हणेन, व्हर्मूथ ते काम करतेच.

मारास्किनो म्हणजे चेरीचा पाक नव्हे, ही चूक फार जण करतात. ते मारास्का चेरीपासून ऊर्ध्वपातन करून काढलेलं पाण्यासारखं रंगहीन लिकर. बदामासारखा, थोडा उग्र वास. दोन डॅश म्हणजे जेमतेम पाव चहाचा चमचा. नसेल तर वगळा, पण बरणीतला पाक नको. बोकर्स बिटर्समध्ये वेलची पुढे असायची. अँगोस्टुराच्या डॅशबरोबर वेलचीचे दोन-तीन दाणे चेचून ढवळायच्या भांड्यात टाका आणि गाळून घ्या.

महालवाला

मनुकांचा वास म्हणजे व्हर्मूथ गेली. लोक तिला व्हिस्कीसारखी वागवतात. ती मुळात वाइन आहे: वनस्पती मुरवलेली, थोडं स्पिरिट घालून १५ ते १८ टक्क्यांवर आणलेली. एवढ्या अल्कोहोलने ती आंबत नाही, पण हवेने ऑक्सिडाइज होतेच, आणि उष्णतेत लवकर. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ ला टेकतो. शोकेसमधल्या बाटलीचं काय होणार?

उघडली की फ्रीज, झाकण घट्ट. तिथेही महिना-दीड महिनाच. मोठी बाटली असेल तर उघडल्याच दिवशी २०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा. वर हवा राहिली नाही तर बरीच टिकते. घ्यायचीच तर ३७५ मिलीची घ्या, मिळाली तर.

तपासायचं कसं? त्याच पुस्तकातलं व्हर्मूथ कॉकटेल करा: ६० मिली व्हर्मूथ, २ डॅश बिटर्स, बर्फावर ढवळून गाळा. लपायला जिनच नसते, त्यामुळे बाटलीचा खरा चेहरा दिसतो. कडवट वनस्पतींचा वास आला तर चांगली. नुसता शिळा गोडवा आला तर ती स्वयंपाकात घाला. सावजी रश्श्यात मात्र नको, बाप्पा.

संत्रासाल

कोमट आणि पाणचट एकाच वेळी का, ते सांगतो. ९० मिली द्रव १० अंशांनी थंड करायला साधारण १० ग्रॅम बर्फ वितळतो. ३८ अंशांची जिन-व्हर्मूथ आणि फ्रीजमधली ८ अंशांची, यांत ३० मिली पाण्याचा फरक पडतो. पेयाचा तिसरा हिस्सा! आणि दोन छोटे खडे तर अर्ध्या रस्त्यातच संपतात.

म्हणून जिनही फ्रीजमध्ये ठेवा. स्टीलचा गडू १५ मिनिटं फ्रीजरमध्ये, ग्लासही. बर्फ फ्रीजरमधून थेट गडूत, द्रवाच्या वर येईल इतका. बाहेर ठेवून ओला झालेला नको. लांब चमच्याने २५-३० सेकंद ढवळा. पुस्तकात शेक म्हटलंय हे खरं, पण शेक केलं की ढगाळ होतं आणि वर फेस येतो.

लेमनच्या जागी आपलं कागदी लिंबू घालू नका, त्याचा आंबटपणा तिखट असतो. संत्र्याची साल घ्या. ती सैल आणि पातळ, त्यामुळे पीलर घसरतो. हाताने सोला, आतले पांढरे धागे काढा, २ बाय ४ सेंटीमीटरचा तुकडा कापा. बाहेरची बाजू ग्लासकडे ठेवून दुमडा, तेलाचा फवारा दिसला पाहिजे. फळ कडक आणि ताजं हवं. साल सुकली की तेल उडालेलं असतं. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात मोसंबीची साल, पण तिचा सुगंध मंद.

खामल्याचा_खवय्या

एवढं सगळं करूनही आजच्या जिभेला गोड लागेल. सरळ उलटं करा: जिन ६०, व्हर्मूथ ३०.

पेगमास्तर

मग ते वेगळं पेय झालं. ४२.८ टक्क्यांच्या जिनने तुमचं पेय बर्फाचं पाणी मिसळण्याआधी ३४ टक्के अल्कोहोलवर जातं. जुनं साधारण २५ वर. व्हर्मूथ पुढे आणि जिन मागे, हीच त्या पिढीची खूण. गोड वाटलं तर १:१ पर्यंत या, त्यापुढे नको.

धरमपेठी

आणि पुस्तकात नुसतं 'व्हर्मूथ' लिहिलंय, तिथे ड्राय चालेल का?

महालवाला

नाही. या कृतीत लाल, गोड इटालियनच धरायची. फ्रेंच ड्राय घातली तर साखर जाते आणि मारास्किनो एकटं पडून बोचतं. नवी बाटली पुण्या-मुंबईकडून गाडीने आणणार असाल तर एक लक्षात असू द्या: समृद्धी महामार्गावर वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथे दारूबंदी आहे.