'झीज', 'विदारण' आणि 'विरघळलेले आयन' : नेमके शब्द कोणते?

प्रश्न : नागपुरात भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक टिपण लिहीत आहे. त्यातील पहिले वाक्य असे आहे : "सिलिकेट खनिजांच्या रासायनिक झिजेवर पाण्यातील विद्राव्य आयनांचा परिणाम होतो." यातील 'झीज' आणि 'विद्राव्य' हे दोन्ही शब्द मला खटकतात. 'अपक्षय' घ्यावा काय?

प्रतिसाद : आपली शंका रास्त आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा बेसाल्ट जागच्या जागी कुजून त्याचा मुरूम होतो, हे विदारण. तोच मुरूम पावसाच्या पाण्याने वाहून गेला, तर ती झीज. 'झीज' म्हटले की काहीतरी निघून गेल्याचा बोध होतो, म्हणून तो शब्द येथे टाळावा. 'अपक्षय' हिंदी पुस्तकांतून आपल्याकडे सहज येतो आणि तो चुकीचाही नाही. मात्र शालेय भूगोलात 'विदारण' रुळलेला आहे. मराठी विश्वकोशातील 'वातावरणक्रिया' हा शब्द मला येथे अडचणीचा वाटतो, कारण खडक जमिनीखाली, भूजलाच्या संपर्कातही कुजतो.

'विद्राव्य' म्हणजे विरघळू शकणारे. मीठ बरणीत कोरडे असतानाही विद्राव्यच असते. आपल्या वाक्यातील आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आधीच पाण्यात आहेत, तेव्हा 'विरघळलेले आयन' किंवा 'द्रावणातील आयन' असे लिहावे.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे, परंतु खरी अडचण 'परिणाम होतो' या मोघम क्रियापदात आहे, कारण सर्व आयन एकाच दिशेने काम करीत नाहीत. आम्ल पाण्यातील हायड्रोजन आयन फेल्स्पार या सिलिकेट खनिजातील सोडियम व कॅल्शियम यांची जागा घेतात आणि खनिजाची चौकट सैल करतात. द्रावणात ॲल्युमिनियमचे आयन साठले, की हीच क्रिया मंदावते. सोडियमचे उदाहरण तर फारच बोलके आहे. आम्ल द्रावणात ते अल्बाइटच्या (सोडियमयुक्त फेल्स्पारच्या) पृष्ठभागावरील जागांसाठी हायड्रोजन आयनांशी स्पर्धा करून वेग घटवते, आणि साधारण उदासीन पाण्यात क्वार्ट्झचे, म्हणजे सिलिकेच्या खनिजाचे, विरघळणे मात्र वाढवते. वनस्पतींच्या मुळांतून व बुरशीतून येणारे ऑक्झलेटसारखे ऋण आयन ॲल्युमिनियमला बांधून घेतात, त्यामुळे फेल्स्पारचे विदारण वेगाने होते. म्हणून 'वेग वाढतो', 'मंदावतो', 'रोखला जातो' अशी स्पष्ट क्रियापदे वापरावीत. हायड्रोजन आयनांना 'उत्प्रेरक' (स्वतः खर्च न होता वेग वाढवणारा) म्हणण्याचा मोह होईल, तोही आवरावा. ते फेल्स्पारच्या विदारणात खर्च होतात.

तसेच 'फेल्स्पार विरघळते' हे अर्धसत्य आहे. सोडियम, कॅल्शियम आणि थोडी सिलिका (सिलिकॉन व ऑक्सिजनचे संयुग) पाण्यात जाते. ॲल्युमिनियमचा बराचसा भाग मागे राहून त्याची चिकणमातीची खनिजे बनतात. या क्रियेला 'जलीय विच्छेदन' म्हणणे अधिक योग्य. क्वार्ट्झबाबत 'विरघळणे' चालेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : मग विदर्भातील काळ्या मातीचे उदाहरण येथे बसेल काय?

दुसरा प्रतिसाद : अवश्य बसेल. बेसाल्टवरील पाण्याचा निचरा कमी असेल, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका तेथेच राहतात व स्मेक्टाइट हे चिकणमातीचे खनिज बनते. भिजल्यावर फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती त्याचीच. महाबळेश्वरला बेसाल्टच आहे, पण तेथील प्रचंड पावसाने हे आयन व सिलिका धुऊन नेल्यामुळे लोह आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा जांभा उरला. या धुऊन जाण्याला 'निक्षालन' म्हणावे. 'धूप' नको, कारण धूप मातीच्या कणांची होते. 'आयन' हा शब्द मात्र तसाच ठेवावा, त्याला पर्याय शोधत बसू नये.

आपले पहिले वाक्य मी असे लिहीन : "द्रावणातील काही आयन सिलिकेट खनिजांच्या रासायनिक विदारणाचा वेग वाढवतात, तर काही तो मंद करतात, कोणता आयन काय करील, हे खनिजावर आणि पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असते."