मदत हवी आहे: वेबपानावर एकत्र टिपा लिहायला काय वापरता?

मंडळी, आम्ही चौघं मिळून एक लांबलचक लेख वाचतोय. वाक्य हायलाइट करायचं, बाजूला शेरा मारायचा, बाकीच्यांनी त्याखालीच वाद घालायचा. पण मध्येच लेखकाने परिच्छेद बदलला आणि माझ्या सहा टिपा लटकल्या. शेरा आहे, ‘हे अजिबात पटत नाही’, पण काय पटत नाही ते वाक्यच गायब!

हायपोथेसिस या वेबपानावर टिपा लिहायच्या टूलमध्ये खासगी गट करता येतो, पीडीएफवरही टिपा चालतात, एवढं ठाऊक आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१७ मध्ये वेब अ‍ॅनोटेशनचं (वेबपानावरच्या टिपांचं) मानक ठरवलंय, म्हणजे टिपा एका टूलमधून दुसऱ्यात नेता यायला हव्यात. प्रत्यक्षात कोणी नेल्यात का? आणि मोबाइलवर काय वापरता? (स्क्रीनशॉटवर गोल काढून पाठवा, असं सुचवू नका. तेच करून कंटाळलोय.)